कोकण रेल्वेला जादा गाड्या मागू नका, आधी दुसरा रूळ मागा

खेडवाला: गणपती जवळ आले की पुढाऱ्यांची पत्रं सुरू, 'जादा गाड्या सोडा.' सोडणार कुठून? रोहा ते वीर २०२१ ला दुहेरी झालं. वीरपासून खाली कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत तोच १९९८ सालचा एकेरी रूळ. एक स्पेशल वाढवली की चार गाड्या क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देत, ताटकळतात. दुसरा रूळ टाका, मग बोला.

दगडमाती: बोलायला सोपं आहे हो. रोहा-वीरची जमीन बरी होती. पुढे नव्वदच्या वर बोगदे, एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटर! सगळे एका रुळापुरते खोदलेले, म्हणजे प्रत्येकाशेजारी नवा बोगदा. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, तिथेही जोडीला दुसरा. आणि डोंगर तोच, भुसभुशीत. २०२४ च्या जुलैत दिवाणखवटीला दरड आली आणि पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं. पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात त्या हौसेने नाही. २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, माणसं गेली, ते आठवा. पैसा आहे तर आधी उतार बांधा, जाळ्या लावा. कडवई, वेरावलीसारखी क्रॉसिंग स्टेशनं वाढवा.

डोंबिवलीकर सावंत: पैसा आहे कुठे, हा खरा प्रश्न. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ. स्थापनेवेळी केंद्राचे ५१ टक्के, उरलेले महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळचे. दुहेरीकरणाएवढी रक्कम निघाली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये होकार दिला, ते आधी होऊ दे.

खेडवाला: विलीन झालं की मध्य रेल्वेच्या रांगेत शेवटचा नंबर, लिहून ठेवा. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ चं आहे, आठवण करून देतो. आणि दगडमाती, बोगदे काय सगळीकडे आहेत? कणकवली ते सावंतवाडी बरीच मोकळी जमीन आहे. तिथून सुरू करा ना.

दगडमाती: करा, अडवलंय कोणी? पण कोंडी वर आहे, खेड-रत्नागिरीत. खाली गाडी सुसाट येईल आणि रत्नागिरीच्या अलीकडे लूपला, बाजूच्या रुळावर, उभी राहील, चहा प्यायला.

कुडाळची माहेरवाशीण: उभी राहू दे हो. आज ती कुडाळातच उभी असते. निदान पोरांना घेऊन घरी तरी वेळेत पोचेन.