२४, ३१ की ६४ बिट? जुन्या असेंब्लर रुटीनचं काय करू

बॅचवाला: मंडळी, आयबीएम मेनफ्रेमवरचा आमचा कोबॉल बॅच जॉब एका जुनाट असेंब्लर रुटीनला डायनॅमिक कॉल (चालताना लोड करून) करतो, रुटीन एमोड २४ (२४ बिटचेच अ‍ॅड्रेस वापरणारं), म्हणून कोबॉल डेटा(२४) ने कंपाइल केलेला, त्यामुळे सगळं वर्किंग स्टोरेज (प्रोग्रामचा डेटा) १६ एमबी लाइनच्या खाली, २४ बिटला तेवढंच दिसतं. आता टेबल वाढलंय आणि एस८७८ (मेमरी पुरत नाही) येतोय. डेटा(३१) केलं, म्हणजे डेटा लाइनच्या वर जाऊ दिला, तर रुटीनमध्ये सॉक-फोर (S0C4, चुकीच्या अ‍ॅड्रेसमुळे अ‍ॅबेंड, म्हणजे जॉब मधेच बंद). मॅनेजर म्हणतात थेट ६४ ला न्या, एकदाच काय तो ताप होऊ दे.

डम्पदादा: सॉक-फोर आला हे नशीब समज, कारण २४ मोडमध्ये मशीन वरचा बाइट बघतच नाही, म्हणजे तू हेक्स १२३४५६७८ पाठवलास तर रुटीन ३४५६७८ वर जाऊन वाचतं, तिथे दुसऱ्याचाच डेटा असला तर अ‍ॅबेंडही नाही आणि रिपोर्ट गुपचूप चुकीचा. लिंक करताना नुसतं एमोड ३१ लिहून मोकळा होऊ नकोस हां! सिस्टीम/३६० च्या काळापासून (१९६४) लोक त्या रिकाम्या वरच्या बाइटमध्ये फ्लॅग कोंबायचे आणि एलए (रजिस्टरमध्ये अ‍ॅड्रेस भरणारी इन्स्ट्रक्शन) मारून तो साफ करायचे. ३१ मध्ये एलए फक्त सगळ्यात वरचा एक बिट उडवतो, बाकीचे सात तसेच अ‍ॅड्रेसला चिकटून येतात. एलए आणि बीएएलआर (परतीचा अ‍ॅड्रेस ठेवून उडी मारणारी इन्स्ट्रक्शन) आधी शोध.

झेडवाली: ६४ कशाला उगाच? ३१ मध्ये २ जीबी मिळतात, तुमचं टेबल तेवढं आहे का? ६४ ला पॉइंटर ८ बाइटचे, सेव्ह एरिया (कॉलच्या वेळी रजिस्टर ठेवायची जागा) ७२ बाइटचा १४४, मेमलिमिट (बारच्या, म्हणजे २ जीबीच्या, वर किती मेमरी घेता येईल ती मर्यादा) बघा, आणि ते २४ वालं रुटीन तर जिथल्या तिथेच. बारच्या वर खरंच प्रचंड डेटा ठेवायचा असेल तरच तो खटाटोप.

डम्पदादा: +१. रुटीनचा सोर्स नसेल तर मध्ये छोटा कोबॉल स्टब (नुसता कॉल पुढे देणारा प्रोग्राम) घाल, फक्त तो डेटा(२४), रेकॉर्ड त्यात मूव्ह करून तिथून कॉल, मेन प्रोग्राम डेटा(३१). ऑल३१(ऑफ) (सगळे प्रोग्राम ३१ बिटचे नाहीत असं सांगणारा रनटाइम ऑप्शन) आणि स्टॅक बिलो (स्टॅक लाइनच्या खाली) लागेलच. दर कॉलला एक मूव्ह जास्त, तेवढं चालतंय.

बॅचवाला: सोर्स नाहीये, फक्त लोड मॉड्यूल (लिंक करून तयार झालेला प्रोग्राम) 😅 पण त्याला एका वेळी एकच रेकॉर्ड जातं, टेबल नाही. मग स्टबच करतो, मॅनेजरना मीच सांगतो.