घरातलं झाड पुन्हा फुलवलंय का? अनुभव सांगा

जळगावकर ताई:
काल शेजारच्या काकू कलांचोची कुंडी घंटागाडीत टाकायला निघाल्या होत्या. "फुलं संपली, आता नुसता पाला." मी मागून घेतली. आईची फार आठवण आली. लोडशेडिंगच्या दिवसांत तिचं कलांचो दर थंडीत लालभडक फुलायचं. मग घरात इन्व्हर्टर आला, रात्री उशिरापर्यंत ट्यूब चालू राहायला लागली आणि झाड नुसतं पानांनी माजलं. खत झालं, जागा बदलून झाली. शेवटी आईनेच ओळखलं की याला अंधार पाहिजे. संध्याकाळी सहाला कुंडीवर खोकं पालथं घालायची, सकाळी आठला काढायची, दिवसा खिडकीतला भरपूर उजेड. रोज सलग 14 तास अंधार, साधारण 6 आठवडे, की कळ्या धरतात. मध्येच रोज कोणी दिवा लावत राहिलं तर नाही धरत. कळ्या दिसल्या की खोकं बंद.
तुमच्याकडे काय फुललं, कशाने फुललं, सगळं लिहा.

भुसावळची सून:
ऑर्किड. फुलं गळाली तरी दांडी हिरवी होती म्हणून ठेवली, तिच्याच पेरातून फाटा फुटला. नंतर ती वाळली, कापली. नवीन दांडी थंडीतच आली. त्याला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो, 15 ते 18 अंश, आपल्याकडे डिसेंबरात खिडकी उघडी ठेवली की झालं. पण या वेळी सगळ्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या हो. पाणी तेच, जागा तीच. डबे भरतेय, नंतर बघते.

रावेरकर:
घरात केळीचा घड पिकतोय का?

भुसावळची सून:
अय्या हो! मामंजींनी मळ्यातून आणलाय, त्याच खोलीत टांगलाय.

रावेरकर:
मग तोच. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू निघतो, ऑर्किडच्या कळ्यांना तो सोसत नाही. घड दुसऱ्या खोलीत न्या. आमच्याकडे तर घरोघरी घड, म्हणून बायकोचं ऑर्किड थेट पुढच्या खोलीत.

चाळीसगाव:
माझं ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड) त्याच वायूने फुललं! मधल्या खळग्यातलं पाणी ओतून टाकलं, पिकलेलं सफरचंद सोबत ठेवून कुंडीसकट पॉलिथिनच्या पिशवीत आठवडाभर बांधलं, सावलीत. दोनेक महिन्यांनी मधोमध लाल तुरा. मूळ झाड एकदाच फुलतं बरं का, नंतर बाजूची पिल्लं वाढवा.

धुळेकर भाऊ:
आठे बी तेच शे, घरात केळी कायम. माझं अँथुरियम आहे. मे महिन्यात पानांच्या कडा करपायच्या. आता कूलरच्याच खोलीत, पण झोतासमोर नाही, कोपऱ्यात. दमटपणा मिळतो. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर चढायचा, म्हणून पावसाचं साठवलेलं घालतो. फूल मात्र पूर्वेच्या खिडकीशी सरकवल्यावरच आलं. उजेड पाहिजे, कडक ऊन नको.

यावल:
थंडी म्हणताय तर बामणोदची भरताची वांगी आली का जळगावात?

जळगावकर ताई:
आली ना, हिरवीगार.

नंदुरबार:
ताई, आईंची कुंडी आहे का अजून?

जळगावकर ताई:
तिच्या फांद्या भावाकडे नि माझ्याकडे लावल्यात. आई नाही आता.

नंदुरबार:
अरेरे. जपा हो ते झाड. माझ्याकडे ब्रह्मकमळ आहे, गॅलरीत. मोठ्या कुंडीत हलवल्यापासून रुसलंय.

चाळीसगाव:
मुळं दाटली की फुलतं ते. आता कुंडी बदलू नका, नत्राचं खत थांबवा.

यावल:
वांगी गॅसवर भाजू नका कोणी. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पाहिजेत तर आमच्या शेतात ढीग आहे, रविवारी या.

धुळेकर भाऊ:
पुऱ्या कोण आणणार?