लोक शहाणे असतील तर कायदा कशाला हवा?

भटक्या: कधीपासून डोक्यात घोळतंय. सगळेच विवेकाने वागले तर पोलीस, कोर्ट हे लागेलच कशाला? की कायदा फक्त बिनडोक लोकांसाठी?

निशाचर: नाही हो, दोन शहाण्यांचंही पटत नाही ना. गाडी डावीकडून चालवायची की उजवीकडून हे तर्काने ठरत नाही, दोन्ही बरोबरच, पण एक काहीतरी सगळ्यांनी मिळून ठरवावंच लागतं. शिवाय स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश झालं की भलेभले घसरतात, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मुद्दा हाच होता.

कावळा: मान्य, पण उलटंही बघा की. जर्मनीत १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे रीतसर पास झालेले, ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. कागदावर सगळं कायदेशीर! म्हणजे कायद्याला 'का' विचारायची सोय पाहिजे, निकालाची कारणं लेखी पाहिजेत, अपील करता आलं पाहिजे वगैरे.

भटक्या: हं, अपीलचं डोक्यात नव्हतं आलं. पण वरच्या कोर्टाचंच चुकलं तर?

निशाचर: तर पुढचे न्यायाधीश फिरवतात. अमेरिकेत वंशभेदाला मोकळीक देणारा १८९६ चा निकाल शाळांपुरता १९५४ ला मोडला. ५८ वर्षं लागली पण.