तुमचा पासवर्ड कोणाकडे असतो? (अनुभव लिहा)

दुपारचा_चहा
भाचीच्या अकरावी प्रवेशाची धावपळ चालू आहे. फॉर्म भरून आली, म्हटलं लॉगिन कुठंय? म्हणे, नेटकॅफेवाल्या दादाकडे! मला आमच्या तालुक्याचा कॅफे आठवला. बारावीच्या पोरांचे ईमेल आयडी कॅफेवालाच काढायचा आणि पासवर्ड सगळ्यांना एकच: दुकानाचं नाव, ॲट, एकदोनतीन. वर ते रजिस्टरात लिहिलेलं, काउंटरवर उघडं. पुढे त्याच आयडीवर लोकांचं ऑर्कुट आलं, नोकरीचे अर्ज गेले, काहींची बँक खातीही जोडली गेली. माणूस सज्जन, म्हणून निभावलं. तुमच्याकडे काय परिस्थिती?

घाटावरचा
सीएकडे. इन्कम टॅक्सला पॅन नंबर हाच युजर आयडी, म्हणजे निम्मी किल्ली तर झेरॉक्सवाल्याकडेही आहे.

कंदीपेढा
सासूबाईंचं पेन्शनचं खातं धाकटे दीर बघतात, ते दुबईला. पासवर्ड तिकडे, ओटीपी इकडे. लाइट बिल भरायचं तर आधी दीर मीटिंगमधून बाहेर यायला हवेत, मग सासूबाईंना चष्मा सापडायला हवा 😀 कुकर लावलाय, नंतर येते.

लिंबूटिंबू
ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड अख्ख्या देशाला पाठ: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल, पुढे जन्मसाल. त्या फाइलपुरतं ठीक. पण आमच्या ऑफिसातल्या कित्येकांनी तोच जीमेलला लावलाय. आणि पन्नाशीच्या केकचे फोटो फेसबुकवर! काढा वजाबाकी.

घाटावरचा
@लिंबूटिंबू ऑफिस कुठलं म्हणालात? 😜

आयटीतला_हमाल
कोणी तुमच्या मांजराचं नाव ओळखत बसत नाही हो. एका साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी यंत्रं बाकीच्या साइटींवर लावून बघतात. 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड फुटले, तेही जसेच्या तसे साठवलेले. पहिला नंबर 123456 चा. ती यादी पासवर्ड फोडणारे अजून वापरतात.
म्हणून प्रत्येक साइटला वेगळा, आणि लांब. चार असंबद्ध शब्द रोमनमध्ये: गवती, स्कूटर, मावशी, कढी. (हे नका वापरू आता.) म्हण किंवा गाण्याची ओळ नको, ती यंत्रालाही येते. जास्त असतील तर बिटवॉर्डन, कीपास अशा पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपांत ठेवा. सगळ्यात जपायचा तो ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचं 'फरगॉट पासवर्ड' तिथंच येतं.

कंदीपेढा
आमच्या ऑफिसात दर महिन्याला बदलायला लावतात. लोक शेवटी जाने, फेब्रु, मार्च लावतात.

आयटीतला_हमाल
अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानकसंस्थेने 2017 मध्येच सांगितलं, मुदत संपली म्हणून बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदला. आमच्या साहेबांना कोण सांगणार!

माजघर
बाबा वहीत लिहायचे. शब्दकोड्यांचा नाद, त्यामुळे प्रत्येक पासवर्ड उलटा आणि मधला एक आकडा मुद्दाम चुकीचा. तो कुठला, हे फक्त त्यांना माहीत. ते गेल्यावर आई वही पुढ्यात घेऊन बसायची. बँकेचं नॉमिनीमुळे झालं. फोटोंचं खातं नाही उघडलं अजून.

कंदीपेढा
माजघर, 🙏 वाचून गलबललं. काकू कशा आहेत आता?

माजघर
बऱ्या आहेत गं. हल्ली स्वतः यूपीआय करतात. 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणाऱ्याला परवा त्यांनीच झापलं, पैसे घ्यायला पिन लागत नाही म्हणून.

लिंबूटिंबू
काकू भारी! ज्यांचे पैसे गेलेच असतील त्यांनी लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर येतात. पुतण्या काय म्हणतो ते विचारत बसू नका.

दुपारचा_चहा
भाचीच्या लॉगिनचा पासवर्ड बदलला. दादा रागावले, 'आता दुसरी यादी लागली की तुम्हीच बघा.' बघू की!

घाटावरचा
पासकी म्हणून काय आलंय ते कोणी वापरतं का? पासवर्डच नको, अंगठा लावला की झालं म्हणतात.

कंदीपेढा
अंगठा? आमच्या कामवाल्या मावशींचा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. भांडी घासून रेषाच गेल्यात. दुकानदार रुमालाने पुसायला लावतो, मग दुसरं बोट, मग तिसरं.

आयटीतला_हमाल
अंगठाच हवा असं नाही, फोनच्या पिननेही चालते पासकी. रेशनला मात्र ओटीपीने मिळतं का विचारा, पण आधारला मोबाइल जोडलेला हवा.

कंदीपेढा
जोडलाय ना. मुलाचा. तो चाकणला कामाला.