वाडा परिवार ग्रुप: आक्का आजीच्या रेकॉर्डिंगवरून

संध्या आत्या: रोहन, गेल्या आठवड्यात तू टाकलेली ऑडिओ आत्ता चहा घेताना ऐकली. टाकायच्या आधी स्वतः एकदा ऐकतोस का रे? आक्काने त्यात माझं ठरलेलं आणि मोडलेलं लग्न नावागावासकट सांगितलंय. या ग्रुपवर माझी सून आहे आणि बापूचे व्याही पण आहेत, त्यांना दिवाळीत कोणी अॅड केलं देव जाणे

मंदार: आई ते मोडलं म्हणून मी आहे 😂 आक्काचे उपकार मान

संध्या आत्या: तू गप्प बस

रोहन: आत्या आता डिलीट फॉर एव्हरीवन होत नाहीये. पण आक्का 88 ची आहे, आत्ता नाही रेकॉर्ड केलं तर कधी? मी डॅलसला परत आल्यावर एक प्रश्नावली केलीय, सेक्शनवाईज, माहेर, शाळा, 48 साल, 72 चा दुष्काळ, 93 चा भूकंप. बापूकाका रोज एक सेक्शन करून घ्याल का? तुमचे रात्रीचे 9 मला सोयीचे पडतात

बापूकाका: रात्री 9 ला आक्का झोपलेली असती.

प्रकाशकाका: मुद्दा एकच. मागच्या खोलीत लोखंडी ट्रंक आहे, त्यात मोडीतले कागद आहेत. आधी ते कोणाकडून तरी वाचून घ्या. तोंडी गोष्टीला पुरावा नसतो. उदा. ऑडिओत आक्का म्हणते आम्ही रेल्वेने बार्शीला आलो. तिचं माहेर परंड्याकडचं. बार्शी लाईट रेल्वे 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी झाली, 1911 ला येडशीवरून लातूरपर्यंत गेली. परंड्याला रेल्वे नव्हतीच. मग आली कशी?

मंदार: प्रकाशमामा, तुम्ही स्टेशन मास्तर होता की बँकेत?

प्रकाशकाका: चेष्टा नको. अडीच फुटी रूळ होते, सगळी नोंद आहे.

बापूकाका: बैलगाडीनं आली. आप्पांनी मला शंभरदा सांगितलंय, रात्री निघाले, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. रझाकाराची, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांची भीती. परंडा निजामाच्या राज्यात, बार्शी बाहेर.

संध्या आत्या: आप्पांना काय माहीत, ते बार्शीचेच. त्यांचं आणि आक्काचं लग्न नंतर झालं

बापूकाका: तुला लई माहीत. पुण्यात बसून.

नेहा: सगळ्यांनी ती ऑडिओ परत एकदा ऐका प्लीज. आक्का छान रंगात येऊन सांगतेय, माळवदावर झोपायचो, बळदात, धान्य साठवायच्या त्या भिंतीतल्या कोठीत, लपून बसायचो, आणि मध्येच बाबांचा आवाज येतो "अगं 47 नाही 48". थोड्या वेळाने परत "अगं ती धाकटी नव्हे, थोरली". मग आक्का काय म्हणते ऐकलं का? "तुमचं तुमीच सांगा मग." आणि त्यानंतर पुढे नुसता पंख्याचा आवाज

प्रकाशकाका: चूक असेल तर सांगायचं नाही का? पुढच्या पिढीला चुकीचं साल जाईल.

नेहा: साल कुठेही मिळतं बाबा. 13 सप्टेंबरला पोलीस अॅक्शन म्हणजे भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली, 17 ला निजाम शरण, हे शाळेतली पोरं पण सांगतात. बळदातून बाहेर कोण आलं ते फक्त आक्काला माहितीय

मंदार: 👏 बँकवाल्यांचा पराभव

प्रकाशकाका: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

वैशाली काकू: मी जरा उशिरा बघतेय, सकाळी पाणी आलं होतं. संध्यावन्सं तुमचं बरोबर आहे ते ग्रुपवर यायला नको होतं. पण रेल्वेचं भांडण नको, दोन्ही खरंय. आक्का बैलगाडीनेच आली, रेल्वे म्हणते ती पुढं तिला पंढरपूरला मामाकडे पाठवलं तेव्हाची, बार्शीहून कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर, छोट्या गाडीनं, ते दोन प्रवास तिच्या बोलण्यात एकात एक जातात, मध्ये थांबवलं नाही तर थोड्या वेळानं आपणच सोडवून सांगते. प्रश्न विचारलेले तिला आवडत नाहीत, रोहन तू विचारलंस "बालपणीची सर्वात आनंदाची आठवण कोणती" तर मला म्हणली हे पोरगं परीक्षा घेतंय का. शेंगा फोडायला बसवलं की बोलते. परवा म्हणत होती, तिच्या वडिलांकडं सगळा पैसा निजामाच्या हाली सिक्क्यात, इथं बाजारात इकडचे कलदार रुपये मागायचे, सात हालीला सहा कलदार असा हिशोब, त्यात पण दुकानदार बट्टा कापायचा, म्हणून आईनं गळ्यातल्या पुतळ्या मोडल्या. आणि तिच्या भावाचं, दादामामांचं तर तिकडं सगळं शिक्षण उर्दूत, इथं आल्यावर शाळेत दोन यत्ता खाली बसवलं, बारकी पोरं चिडवायची, ते भिंतीवर अलिफ बे लिहून राग काढायचे

रोहन: काकू हे कुठे आहे?? हे रेकॉर्ड केलंय का?

वैशाली काकू: नाही. हात शेंगांत होते

रोहन: अरे यार

बापूकाका: अरे यार काय. तिकडून प्रश्न पाठवायचे आणि इथं हिनं रोज अंघोळ, गोळ्या, कानातल्या मशीनचं सेल, सगळं बघून वर शूटिंग पण करायचं. डायपरचा सेक्शन आहे का तुझ्या प्रश्नावलीत

रोहन: काका मी दर महिन्याला पैसे पाठवतो

संध्या आत्या: पैशाचं ग्रुपवर नको. व्याही आहेत

मंदार: व्याहीसाहेब 👀 दोन निळ्या टिका दिसतायत

बापूंचे व्याही: 🙏 शुभ सकाळ. आपला परिवार फार छान आहे.

प्रकाशकाका: मी परत सांगतो. ट्रंक. मोडी. पुराभिलेखवाले मोडीचे वर्ग घेतात, नेहाने लावावा. कागद वाळवी खाईल, आक्का कुठे जात नाहीये.

संध्या आत्या: काय बोलतोस प्रकाश, कशालाही कुठे जात नाही म्हणतो

वैशाली काकू: अजून एक विचारायचं होतं. आक्का मुमताजचं सांगते, तिची माहेरची मैत्रीण, शेजारचं घर. निघताना हिच्या आईनं जातं, तांब्याची घागर आणि उतरंड त्यांच्याकडं ठेवली होती. पोलीस अॅक्शननंतर हे लोक परत सामान बघायला गेले तर जातं घागर सगळं जागच्या जागी, उतरंडीतलं एक मडकं हललेलं नाही, पण घरात माणूस नाही. कुणाला विचारलं तर कुणी बोलेना. त्यांचं काय झालं ते हिला कधीच कळलं नाही. हे ठेवायचं का

संध्या आत्या: ते नको ग. कशाला, आजकाल दिवस कसे आहेत. फॉरवर्ड झालं तर

बापूकाका: रझाकारांनी काय केलं ते पण सांगा मग.

नेहा: ते आक्काने सांगितलंच आहे ना काका, त्यासाठीच तर रात्रीत घर सोडलं त्यांनी. आधी हे झालं आणि नंतर ते झालं, उस्मानाबादकडे पोलीस अॅक्शननंतर मुसलमानांचं काय झालं त्याचा सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल कमिटीचा रिपोर्ट आहे. बाबा, तुम्हाला पुरावा हवा असतो ना

प्रकाशकाका: रिपोर्ट आहे हे खरं आहे.

मंदार: आज पहिल्यांदा मामा कोणाशी तरी सहमत

संध्या आत्या: तरी मी म्हणते ते कापा. माझं लग्न पण कापा. आणि वाडा आप्पांनी कुणाच्या सांगण्यावरून गहाण टाकला ते पण कापा

बापूकाका: ते कापायचं नाही.

संध्या आत्या: बघा, कसं लगेच झोंबलं

बापूकाका: झोंबायचं काय त्यात, 72 ला मिलो, ती बाहेरून आलेली लाल ज्वारी, खाऊन काढलं आम्ही, तू होस्टेलला होतीस.

संध्या आत्या: होस्टेलला पण मिलोच होता बापू

वैशाली काकू: वन्सं, मुमताजचं मी कापणार नाही. ते आक्का मला कितीदा तरी सांगते आणि दर वेळी विचारते, लिहून घेतलंस का. मी हो म्हणते आणि लिहिलेलं नसतं. तुमच्या लग्नाचं ती सहज बोलून गेली, ते काढू. वाड्याचं तुम्ही भावंडं बघा, मी त्यात पडत नाही. आणि फाईल ग्रुपवर टाकणार नाही, ज्याला ऐकायचं त्यानं इथं यावं नाहीतर नेहाकडून घ्यावी

रोहन: काकू मला तरी पाठवाल ना

वैशाली काकू: पाठवीन रे. तू प्रश्न नको पाठवू, कॉलरला लावायचा माईक पाठव. इथल्या जयशंकर मिलचा भोंगा झाला की उठायचो म्हणून सांगते तेव्हा आवाज एवढा बारीक काढते की मोबाईलमध्ये येतच नाही

नेहा: मी शनिवारी येतेय काकू, माईक मी घेते इथून, त्याला तिकडून यायला महिना लागेल. दुपारी 3 नंतर चालेल ना? पंखा बंद करावा लागेल

बापूकाका: एप्रिलात पंखा बंद? बार्शीत?

मंदार: आक्का परत पंढरपूरला निघून जाईल छोट्या गाडीनं 😂

वैशाली काकू: सकाळी 7 ला ये. गार असतं. येताना कानातल्या मशीनचे सेल आण, इथं संपलेत, आणि पेढे आणू नको, शुगर वाढलीय