सल्ला हवा: भजनात एको कोणाला किती द्यायचा?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं साऊंड मी बघतो. यंदा वर्गणी काढून जुना मिक्सर बदलला, १६ चॅनेलचा डिजिटल घेतला. जुन्यावर एफएक्सचं (इफेक्टचं) एकच बटण होतं, फिरवलं की एको यायचा, विषय संपला. आता एकोचेच प्रकार रूम, हॉल, प्लेट, चेंबर आणि प्रत्येकाखाली डिके, प्री-डिले, लो कट, हाय कट, डॅम्पिंग.

गेल्या एकादशीला एका मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. खाली फरशी, वर स्लॅब, तिन्ही बाजूंना कोऱ्या भिंती. मी हॉल लावला, डिके २.८ सेकंद, आणि गायक, कोरस, पेटी, तबला, पखवाज सगळ्यांना सारखाच दिला. मिक्सरपाशी हेडफोनवर झकास वाटत होतं. संपल्यावर शेवटच्या रांगेतल्या एक आजी आल्या, म्हणाल्या, "गोड म्हटलं रे बाळांनो, पण कुठला अभंग होता ते काय कळलं नाही." तेव्हापासून चैन नाही. भजनात शब्दच पोचला नाही तर राहिलं काय?

कोणाला किती आणि कसा लावायचा, नीट सांगा. आकड्यांत सांगितलं तर फार बरं होईल.

बाळीवेस_ताई

मशीनमधलं मला कळत नाही, मी गाणारी आहे. एकच विनंती, समोरच्या मॉनिटरमध्ये (आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) एको भरू नका. आपलाच मागचा सूर कानात रेंगाळत राहिला की पुढचा सूर नेमका लागला का ते कळत नाही. पण अगदी कोरडाही ठेवू नका. कोरड्या आवाजात आम्ही नकळत जोर लावतो आणि तासाभरात घसा बसतो. चवीपुरता द्या.

पेठेतला_साऊंडवाला

दादा, तुम्ही सगळ्यांना एकच एको लावालाय आणि तोही आधीच घुमणाऱ्या जागेत. मंगल कार्यालयाचा स्वतःचा एको असतो, तो आधी ओळखा. माणसं यायच्या आधी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐका. फरशी-स्लॅबच्या हॉलमध्ये दोन सेकंद सहज जातात. गर्दी झाली की कपडे आणि अंगं आवाज शोषतात, थोडं कमी होतं. तरी अशा ठिकाणी मशीनमधून शिंतोडा पुरे. सोलापूरच्या गड्डा यात्रेसारख्या मोकळ्या मैदानावर उलटं असतं. तिथे गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून हात सैल सोडायला हरकत नाही.

आता डिके. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जो वेळ लागतो तो डिके. तो लयीशी ताडून बघा. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल तर एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. गजर चढत चढत १६० वर गेला की मात्रा ३७५ मिलिसेकंदांची होते. तुमचे २.८ सेकंद म्हणजे त्या लयीत सात मात्रांहून जास्त. पहिला "विठ्ठल" विरायच्या आत पुढचे दोन-तीन त्यावर येऊन पडतात, आजींना कळणार कसं? विलंबित अभंगाला १.८ पर्यंत चालेल, मध्य लयीला १.४, गजर सुरू झाला की १ सेकंद किंवा सेंडच (एकोकडे जाणारा आवाज) खाली ओढा. मी तर गजराच्या वेळी एक बोट त्या फेडरवरून (सरकत्या बटणावरून) उचलत नाही.

गायकाला हॉलऐवजी प्लेट लावून बघा. प्लेट म्हणजे मुळात खराखुरा पत्रा. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १४० नावाचं यंत्र काढलं, त्यात पोलादाचा मोठा पातळ पत्रा स्प्रिंगांवर टांगलेला असे. गाणं त्या पत्र्यात सोडायचं आणि त्याची थरथर पिकअपने उचलायची. पत्र्यात भिंती नसतात, म्हणून हॉलसारखे सुटे सुटे पडसाद येत नाहीत, एकदम दाट आणि गुळगुळीत शेपूट येतं. गळ्याला ते शोभतं. पुढे १९७६ साली त्याच कंपनीने २५० हे डिजिटल यंत्र आणलं, आणि आज प्लेट हे नाव आपल्या मिक्सरच्या पडद्यावर दिसतं.

शब्दासाठी सगळ्यात मोलाचा आकडा प्री-डिलेचा. मूळ आवाज आणि एको यांच्यामध्ये किती थांबायचं ते हा ठरवतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ४० मिलिसेकंद ठेवले तर जाऊन-येऊन १४ मीटर, म्हणजे भिंत जणू सात मीटरवर आहे असं कानाला वाटतं. तेवढ्या फटीत "ठ्ठ", "ज्ञ", "क्ष" असली जोडाक्षरं कोरडी आणि स्वच्छ ऐकू येतात, एको मागून येतो. शून्यावर ठेवलं तर अक्षराच्या अंगावरच एको चढतो. पण फार वाढवूही नका. विजापूरच्या गोलघुमटात गेला असालच. तिथला घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद. समोरच्या भिंतीवरून आवाज परत यायला २२० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणून टाळी वेगळी होऊन परत येते. तो प्रतिध्वनी झाला. गाण्याला ३० ते ५० च्या मध्ये ठेवा.

मग एकोचीच गाळणी. लो कट (याच्या खालचं कापतो) ३०० हर्ट्झ, हाय कट (याच्या वरचं कापतो) ६००० हर्ट्झ. खालचा गढूळपणा आणि वरची "स-श"ची सळसळ दोन्ही जातात. आणि रिव्हर्ब (म्हणजे हाच एको) चॅनेलवर बसवू नका, एफएक्स बसवर (एकोच्या वेगळ्या वाटेवर) ठेवा, तिथे मिक्स १०० टक्के म्हणजे नुसता एको, चॅनेलचे सेंड पोस्ट फेडर. मग फेडर खाली आला की एकोही खाली येतो.

पेटीला फार नको. तिचा सूर भात्यावर आधीच लांबलेला असतो, वर शेपूट लावलं की सूर एकमेकांत कालवतात. टाळांना काहीच देऊ नका. तंबोऱ्याच्या मशीनलाही नाही. बासरी मात्र हौसेने सजवा, हॉल, २.२ सेकंद, तिला तो पचतो. तबल्याला रूम, ०.८.

निरूपण सुरू झालं की एफएक्स म्यूट. हे विसरू नका. बोलण्याला एको लागला की एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं होतं.

मृदंगप्रेमी

साऊंडवाले दादांचं सगळं पटलं, पखवाजाचं राहिलं म्हणून लिहितो. डाव्या तोंडाला आम्ही ओली कणीक लावतो ती घुमारा खोल व्हावा म्हणून. तो घुमारा लाकडाच्या खोडातूनच इतका येतो की वर मशीनचा एको दिला की नुसता गडगडाट होतो, बोल कळत नाहीत. दोन माईक असतील तर डाव्याचा सेंड पूर्ण बंद ठेवा. उजव्याला रूम, एक सेकंदाच्या आत. एकच माईक असेल तर एकोचा लो कट ४०० पर्यंत चढवा. "धा" कोरडा आणि भरदार राहू दे, "तिट"ला थोडी हवा मिळू दे.

पूर्वभाग_रेकॉर्डिंग

मी घरी गाणी रेकॉर्ड करतो. शेजारी यंत्रमाग आहेत, त्यामुळे ते बंद होतील तेव्हाच माईक उघडतो. सांगायचं एवढंच की रेकॉर्डिंगला एको नंतर घालता येतो, पण खोलीचा शिरलेला एको काढणं फार अवघड. दहा बाय बाराच्या खोलीत टाळी वाजवली की टणटण यायची. घरातल्या जाड सोलापुरी चादरी दोरीवर दुहेरी घडी करून लावल्या, भिंतीला चिकटवून न लावता वीतभर अंतर सोडून, आणि एक गाणाऱ्याच्या पाठीमागे. टणटण गेली. खालचा घुमणारा आवाज चादरीने जात नाही, त्यासाठी कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या. आता त्या कोरड्या आवाजावर प्लेट लावली की ती शोभून दिसते.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल एका देवळाच्या मंडपात कार्यक्रम झाला. आधी टाळी वाजवून पाहिली, जेमतेम सेकंदभर. गायकाला प्लेट १.४, प्री-डिले ४५, वाद्यांना वेगळी रूम. पखवाजाचा डावा सेंड बंद. मॉनिटरमध्ये ताईंनी सांगितलं तसं चवीपुरतं. मग मिक्सर सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि भाच्याला एफएक्स म्यूट करायला लावलं. चालू असताना एको आहे असं जाणवलं नव्हतं, बंद केल्यावर मात्र गाणं उघडं पडल्यासारखं वाटलं. त्या आजी होत्या. अभंगाचं ध्रुवपद त्या माझ्या शेजारी बसून म्हणत होत्या, शब्दाला शब्द.

एक अडचण उरली. कोरसच्या माईकमध्ये टाळ शिरतात आणि त्यांचा एको होतो. सेंड बंद केला तर कोरस कोरडा पडतो.

पेठेतला_साऊंडवाला

माईक खाली घ्या, हनुवटीच्या खालून वर तोंडाकडे बघेल असा. टाळ छातीपाशी असतात, मग ते माईकच्या पाठीमागे येतात आणि कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. मॉनिटरही त्याच पाठीच्या बाजूला ठेवा, शिट्टी कमी होईल. एवढं करून बघा आणि इथेच लिहा.