तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा: कबुली कोणाची?

वसईची_आत्या:
परवा भाचीचा बाप्तिस्मा झाला. दीड महिन्याची आहे, मी धर्ममाता, म्हणजे तिला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी माझीही. फादरनी विचारलं, "सैतानाचा त्याग करता का?" आम्ही म्हटलं, "करतो." मग डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. पाणी टाळूवरून कानामागे ओघळलं तसं तिने माझं बोट घट्ट धरलं, पण रडली नाही.

जेवताना भावजयीचा भाऊ म्हणाला, "जिला काही कळत नाही, तिच्या वतीने तुम्ही 'करतो' कसं म्हणता?" तो रत्नागिरीकडचा, त्यांच्या मंडळीत फक्त मोठ्यांचा बाप्तिस्मा होतो.

मला वाटतं, बाळ अर्ज करतं म्हणून आपण त्याला घरात घेत नाही. देवाचंही तसंच. तो आधी जवळ घेतो, आपलं उत्तर मागाहून येतं. मात्र उत्तर देण्याइतकं तिला वाढवायचं काम आमचं. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमांत, पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्या असं आहे, आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशाच नसेल तर थांबा असंही आहे. हे दुसरं आपण विसरतो. हॉल, केक, फोटो सगळं आठवतं.

दर्यावर्दी:
तुमच्या भावजयीच्या भावाचं बरोबर आहे. माझ्याही डोक्यावर लहानपणी पाणी पडलं होतं. वीस वर्षं मी नाताळापुरता चर्चमध्ये जायचो. तेविसाव्या वर्षी समुद्रात बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी मुद्दाम भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, दिवस धरला, उधाणात उभं राहवत नाही. छातीइतक्या पाण्यात त्यांनी मला मागे झुकवलं. कान बंद झाले, नाकात खारं पाणी गेलं, मग वर आलो. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं लिहिलंय, ते मला त्या दिवशी कळलं. बायबलच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला इथिओपियाचा अधिकारीही स्वतःच विचारतो, इथे पाणी आहे, मला काय हरकत आहे? लहानपणीचा माझ्याकडे नुसता कागद होता.

शनिवारचा_वर्ग:
कागद म्हणू नका, दुखतं. मी मुलांना धर्मशिक्षण देते. निकेयाच्या श्रद्धाघोषणेत आपण "एकच बाप्तिस्मा" म्हणतो. दुसऱ्यांदा घेतलात म्हणजे पहिल्या वेळी देवाने काही केलंच नाही असं ठरवलंत. कृत्यांच्याच सोळाव्या अध्यायात लुदियाचा आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा घरादारासकट बाप्तिस्मा होतो, तेही वाचा.

दर्यावर्दी:
वाचलंय. त्या घरांत तान्ही बाळं होती असं कुठे लिहिलंय?

शनिवारचा_वर्ग:
नव्हती असंही लिहिलेलं नाही. आणि वीस वर्षं तुमच्याशी कोणी श्रद्धेबद्दल बोललं नाही, तो दोष माणसांचा. पाण्याला का लावता?

दापोलीचा_वाचक:
तुम्ही दोघंही ख्रिस्ती घरात जन्मलात. मी नाही. येशूवर माझा विश्वास आहे, बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेतला तर आई माझ्या हातचं पाणी पिणार नाही. पाणी किती आणि वय किती यावर तुम्ही भांडता, माझ्यापुढे घर की मंडळी असा प्रश्न आहे.

आमच्याच कोकणात, करजगावला १८६१ मध्ये जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, मधली वर्षं त्या बाईंनी काय सोसलं असेल! त्याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा दिली. मला तेवढी जागा हवी आहे.

दर्यावर्दी:
दादा, तुमच्या विश्वासावर मला शंका नाही. पण टिळकांनी दरबार काढला तो स्वतः पाण्यातून गेल्यावर. उघड कबुली टाळता येते असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी घ्याल, त्या दिवशी मी तुमच्या बाजूला पाण्यात उभा राहीन.

वसईची_आत्या:
दापोलीचे दादा, आईला सोडून या असं माझ्याने म्हणवणार नाही. आमच्याकडे प्रौढांनाही महिनोन्‌महिने तयारी करू देतात, त्या काळातही चर्च त्यांना आपलंच मानतं. तुम्ही तसे आहात असं मी धरते.

शनिवारच्या ताई, तुमचं "दोष माणसांचा" मला लागलं. पंधरा वर्षांपूर्वी मी एका मुलाची धर्ममाता झाले होते. यंदा त्याचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यायचा विधी, आहे आणि मी त्याला शेवटचं एका लग्नात पाहिलं. रविवारी मिस्सा झाली की त्याच्या घरी जाते.